देवाची मूठ

मित्रांनो, चुलीमागच्या खुंटीवर ती धुराने काळवंडलेली, हातभर लांबीची बांबूची चटई दिसते ना, तीच मी. अमरावतीच्या बाजारातल्या गोदाबाई बुरडिणीने माझ्या काड्या तासल्या. पण त्या एकत्र गुंफल्या पार्बताबाईने, आपल्या शेतातल्या कापसाचे सूत आपल्या हाताने कातून. म्हणून मी स्वतःला तिचीच लेक मानत आले.

माझे काम वर्षातून एकदाच. गोपाळकाल्याला देवळात दुपारी कीर्तन होई आणि नैवेद्याच्या वड्या आमच्या घरून जात. माझ्यावर चमकोऱ्याचे, म्हणजे अळूचे, पान उपडे पसरायचे, त्यावर वाटलेल्या तांदूळ-डाळीचा लेप द्यायचा, वर दुसरे पान ठेवायचे. मग मला कडेने उचलून, हलकेच दाबत, सगळ्याची घट्ट वळकटी करायची. ती दोऱ्याने बांधून वाफेवर ठेवायची. तो दोरा मात्र घरच्याच कापसाचा. पहिल्या वेचणीतला मूठभर कापूस देवाची मूठ म्हणून मडक्यात राही. काल्याच्या सकाळी पार्बताबाई न्हाऊन त्याचे सूत काती, निरांजनाच्या वातीही त्याच्याच वळी.

मग सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अकोल्याच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागली. पार्बताबाईच्या लेकाने, सूर्यभानने, कोपरान्‌कोपरा झाडून कापूस गाडीत भरला. होळीपासून पार्बताबाई अंथरुणाला खिळली होती. त्या झाडाझाडीत मडकेही रिते झाले, आणि नंतर त्यात कुणी डोकावलेच नाही.

त्या वर्षी काल्याच्या सकाळी सून जमुनाने वळकट्या केल्या आणि मडक्यात हात घातला.

"काऊन वो जमुना, थांबली काऊन?" पार्बताबाईने खाटेवरून विचारले.

"आत्याबाई, मडकं रिकामं हाय."

सूर्यभान दारात उभा होता. "एका मुठीनं काय होते माय? आणतो ना कोणाकडून."

"जाय बाप्पा. वऱ्हाडात राहून वातीपुरता कापूस मागत फिर दारोदारी!"

तो गावभर फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. "कोणाकडंच नाही माय. नत्थुजी काकानं तं उशीतला कापूसबी इकला. लाकूड उशाले घेऊन झोपून राह्यले."

कुणी हसले नाही. नैवेद्य गेल्याशिवाय पार्बताबाई त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेत नसे, आणि आज तिचा श्वास जड चालला होता. तिकडे वळकट्या उलगडू लागल्या होत्या.

"लुगड्याचा दोरा काढू का?" जमुनाने विचारले.

"नेसल्या लुगड्याचा? देवाले?"

जमुनाची नजर माझ्यावर पडली. "आत्याबाई, ह्या चटईचा दोरा देवाच्या मुठीतलाच हाय ना?"

पार्बताबाईने माझ्याकडे पाहून मान हलवली. मग म्हणाली, "उसव."

एकेक गाठ सुटत गेली आणि माझ्या काड्या सारवलेल्या जमिनीवर विखुरल्या. मित्रांनो, मला दुःख झाले नाही असे कसे म्हणू? पण त्याच दोऱ्याने वळकट्या बांधल्या, उरलेल्या तुकड्याची वात वळली. सूर्यभान ताट घेऊन अनवाणी देवळात गेला. टाळ-झांजांचा गजर आमच्या चुलीपर्यंत येत होता. बुवांचा सूर चढला, तशी पार्बताबाईची बोटे खाटेच्या कडेवर ठेका धरू लागली. आरतीची घंटा झाली, तेव्हा जमुनाने तिला पाणी पाजले आणि घरच्या ताटातली वडी भरवली.

"मीठ कमी हाय वो," ती म्हणाली. तेवढ्यानेच जमुनाला रडू फुटले.

दिवाळीपूर्वीच पार्बताबाई गेली.

पुढे पहिली वेचणी झाली. सूर्यभान मूठभर कापूस घेऊन आला आणि स्वतः टकळी घेऊन बसला. सूत तुटे, तो पुन्हा जोडी. त्या जाड्याभरड्या दोऱ्याने त्याने माझ्या काड्या पुन्हा बांधल्या. लढाई संपली, भाव पडला, गाड्यांची रीघ ओसरली. मडके मात्र पुन्हा रिकामे राहिले नाही.

तेव्हा मित्रांनो, मला ओली गुंडाळू नका. धुवून सावलीत वाळवा. घरात काही नवे पिकले की आपल्याआधी त्यातली एक मूठ बाजूला काढा. आणि माझ्या शेवटच्या काडीला एक जुनी, बारीक सुताची गाठ आहे. त्या सकाळी जमुनाने तेवढी उसवली नव्हती. तिला जपा, ती पार्बताबाईची आहे.