सात नंबरचा तुकडा

…दाबला की आत जायचा, बोट उचललं की पुन्हा गोल व्हायचा. वीतभर लांबीचा, काळा, ठिबकच्या नळीचा तुकडा, आणि त्यावर पांढऱ्या पेनानं वृषालीनंच लिहिलेला सातचा आकडा. तिनं तो पुन्हा दाबला. एरंडोल मागे पडलं होतं. एसटीची काच एकसारखी थडथडत होती, आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीत उरलेले दहा तुकडे रबर लावून बांधलेले होते. शेजारी औषधाच्या बाटलीएवढी एक बाटली, तिच्या तळाशी काजळासारखी भुकटी. ग्राफीन. तीन वर्षं तिनं या चिमूटभर काळ्या भुकटीला दिली होती, आणि आज दुपारी धुळ्याला तिचे मार्गदर्शक धनसिंग सर तिच्या प्रबंधावर सही करणार होते.

आज सकाळी कारखान्याच्या गेटवर पितांबर नाना भेटले नसते तर…

भेटले, हे खरं. नळ्यांच्या मशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस. जळगावच्या एमआयडीसीत मशीनच्या आवाजावरून आतला माल ओळखणारा दुसरा कुणी नसेल. वृषाली त्या कारखान्यात नळ्या तपासायला लागली तेव्हापासून तिला बेटा म्हणणारे. हा तुकडा त्यांनीच नमुन्यांच्या डब्यातून काढून तिच्या हातात ठेवला आणि एखादी भेट द्यावी तसे हसले.

"बेटा, आते तुन्हं काम व्हई गयं. एक गोट सांगू का? सात नंबरले मी कोरा दाणा टाकेल व्हता. बठ्ठा कोरा."

"का नाना?" एवढंच तिला विचारता आलं.

"तुन्ही भुकटीन्या मशीनमा गाठी व्हयेत. सहा येळा नळी फुटनी. तुन्हं तोंड माले देखाये नही. पोर माहेर ऊनी ते तिले कोनी शियं वाढस का?"

कोरा म्हणजे सगळाच नवा. अकराही नमुन्यांना प्लास्टिकचा दाणा एकच हवा होता, रोजचाच: अर्धा नवा, अर्धा जुन्या नळ्या दळून केलेला. तरच नळीची ताकद वाढली ती भुकटीमुळे, असं म्हणता आलं असतं. सातची नळी सगळ्यांत जास्त दाबापर्यंत टिकली होती. तिनं लिहिलं होतं की सातला भुकटीचं प्रमाण बरोब्बर जमलं. त्याआधी कमी पडलं, त्यानंतर जास्त झालं. किती सुबक वाक्य! आणि त्यामागे काय, तर माहेरी आलेल्या पोरीला शिळं न वाढणाऱ्या एका म्हाताऱ्याची माया आणि कोऱ्या दाण्याची गोणी. तिला हसू आलं.

धनसिंग सरांनी तिला ग्राफीन पहिल्यांदा दाखवलं ते धुळ्याच्या कॉलेजात. पेन्सिलीचं शिसं त्यांनी चिकटपट्टीवर घासलं, पट्टी दुमडली, सोडवली, पुन्हा दुमडली… दर वेळी काळा डाग फिका होत गेला. असंच करत गेलं तर शेवटी एक थर उरतो, ते म्हणाले होते, एका अणूच्या जाडीचा. पोलादाहून शेकडो पटींनी बळकट, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्या दिवशी सोनगीरला घरी जाताना ती वेड्यासारखी खूश होती. डोळ्यांना न दिसणारं आणि एवढं बळकट! नळ्या निम्म्या जाडीच्या होतील, प्लास्टिक निम्मं लागेल, उन्हात तडकणार नाहीत… आई चुलीपुढे खापरावर मांडे करत होती. पुरणाचा गोळा भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची तिची ती लकब. वृषालीनं तिला थराची गोष्ट सांगितली. आईनं मांडा खापरावर टाकला आणि म्हणाली, "पातय करनं सोपं शे व. येगयं ठेवनं कठीण."

वेगळं ठेवणं कठीण म्हणे! तेव्हा ती हसली होती. मग तीन वर्षं तेच पाहत राहिली. बाटलीतली भुकटी म्हणजे सुटा थर नव्हेच. थरांवर थर बसलेले, गरम मांडे एकावर एक टाकले की चिकटतात तसे. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ते आणखी जवळ येत, त्यांची गाठ होई, आणि पातळ नळी नेमकी त्या गाठीपाशी फुटे. शिवाय एका बाटलीतली भुकटी दुसरीसारखी नसे. प्रयोगशाळेत चिकटपट्टीवर जे खरं होतं ते मशीनच्या तोंडाशी येऊन मोडत होतं. पण मोडत होतं म्हणून ते खोटं होतं का?… नाही. ते अजून इथवर आलं नव्हतं, इतकंच.

"हाई काय शे व ताई?" शेजारच्या अक्कांनी तुकड्याकडे बोट केलं. त्या पारोळ्याला उतरणार होत्या.

"ठिबकची नळी, अक्का. नवीन. जास्त मजबूत."

अक्कांनी ती हातात घेतली, वाकवली, नखानं खरवडली. "आमना वावरमा उंदीर कुरतडतस. उंदीर खावाव नही अशी बनाड ना."

वृषालीला मनापासून हसू आलं. पोलादाहून शेकडो पट, आणि परीक्षक उंदीर. अक्का पारोळ्याला उतरल्या तेव्हा तुकडा परत देताना त्यांचा हात ओलसर लागला, आणि एकदम तिला ते आठवलं, जे सकाळपासून ती आठवू देत नव्हती.

सातची नळी फुटली तेव्हा तिनं तिची फाटलेली, ओली कड उजेडात धरली होती. कड वेगळी होती. गुळगुळीत, स्वच्छ. रोजच्या दाण्याची कड अशी कधीच नसते, हे तिला… मला माहीत होतं. नळ्या तपासणं हाच माझा धंदा. मी ती कड पाहिली आणि तुकडा डब्यात ठेवून दिला. पुन्हा करून पाहायला एक दुपार लागली असती. त्यानंतरच्या दीड वर्षात मला एक दुपार मिळाली नाही.

नानांनी मला फसवलं नव्हतंच. त्यांनी वाढलं आणि मी ताटाकडे न बघता जेवले.

धुळ्याच्या स्टँडवरून कॉलेजपर्यंत ती चालत गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. सरांना खरं सांगितलं तर पुढे कारखान्याचे मालक राजदीपशेठना कळणार. त्यांनी 'ग्राफीन नळी'चा फलकसुद्धा छापून घेतला होता. परवानगीशिवाय कोरा दाणा वापरला म्हणून नानांना ते घरी बसवतील, आणि नानांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. न सांगावं तर सातचा आकडा तिच्या नावानं जगात जाईल. कुठंतरी कुणीतरी तेच प्रमाण घेऊन, तीन वर्षं, गाठी मोजत बसेल.

धनसिंग सरांनी प्रबंध पुढे ओढला, चष्मा वर केला, सातचा तुकडा दोन बोटांत दाबून पाहिला. तो आत गेला आणि पुन्हा गोल झाला.

"हा पुन्हा करून पाहिलास ना, वृषाली?"

साधा प्रश्न. पेनाचं टोपण त्यांनी काढलेलं होतं. तिला वाटलं होतं आपण घाबरू, पण स्वतःसाठीची भीती वाटेत कुठंतरी, बहुतेक पारोळ्यालाच, उतरून गेली होती. उलट पिशवीतले बाकीचे दहा तुकडे सोडून टेबलावर मांडावेत, त्यांच्या गाठी एकेक करून पुन्हा बघाव्यात, असं तिला कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं.

"नाही, सर," ती म्हणाली. "मी पुन्हा केलाच नाही."

सरांनी टोपण लावलं. तुकडा त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

हे वाक्य खरं होतं. यात नाना कुठेच नव्हते, आणि म्हणूनच ते इतकं सहज आलं होतं… तिच्या हाताला रबर लागलं, तिनं ते ताणलं, आणि तिला कळेना की आपण नानांना वाचवतोय, की त्यांनी केलं तेच आपणही आत्ता करतोय. चांगल्या मनानं, कुणाला न सांगता, दाणा बदलतोय.