चाळीस बायका, एकीलाही ताप नाही

मी रक्ताच्या नळ्या वाहणारा निळा आईसबॉक्स. चौदा वर्षं गप्प होतो, तेवढं पुरे. आता बोलतो.

जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालो तेव्हा झाकण असं घट्ट बसायचं की मुंगी शिरत नसे. आधी लशी वाहिल्या, मग रक्त. शाळा मी व्हरांड्यातूनच पाहिली. पण आतला गारवा कधी ढळू दिला नाही. एकदा सुप्याच्या उन्हात गाडी चार तास बंद पडली, तरी एक नळी खराब झाली नाही. हे कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून मीच सांगतो.

माणसं माझ्यावर बसून चहा प्यायली. एकाने तर नळ्यांशेजारी ताकाची बाटली ठेवली. सिस्टर संजीवनीने ती काढून फेकली. तेव्हापासून तिला मी मानतो.

गेल्या थंडीत आम्ही लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर गेलो. बायकांच्या अंगात लोहाचा साठा किती, ते तपासायचं होतं. जिथं कमी निघेल त्या वस्तीला वर्षभर गोळ्या मिळणार होत्या.

संजीवनी प्रत्येकीला विचारायची, "ताप आहे का?"

"न्हाय."

चाळीस बायका आल्या, चाळीस वेळा न्हाय. मागच्या तपासणीत तापवालीला "नंतर बोलावू" म्हणून परत पाठवलं होतं आणि नंतर कुणी बोलावलं नव्हतं. ते वस्ती विसरली नव्हती. त्यात धडधाकट बायका उसात कामाला गेलेल्या. दुपारी घरी उरल्या होत्या त्या दुखणाईत.

ठमाबाई त्यांतलीच. उसाचा बुडखा लागून पाय सुजला होता, तो तिने लुगड्याआड लपवला. सहा महिने तिला दम लागत होता. हंडा उचलला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. रक्त देऊन उठताना तिने माझ्या झाकणावर हात टेकला. हात पोळत होता. गारवा सांभाळणं हाच माझा धंदा, मला ताप कळतो. पण मला विचारतो कोण?

पंधरा दिवसांनी संजीवनी कागद वाटायला गेली. मी तिच्या स्कूटीवर बांधलेला होतो. ठमाबाईच्या कागदावर लिहिलं होतं, लोहाचा साठा पुरेसा.

तिचा नवरा रामहरी हसला. "बघा! लोखंड भरलंय हिच्यात. मग दम कसला लागतोय? कामाचा कंटाळा हाय म्हण की."

"मशिनीला म्हणावं, ये हंडा उचलायला," ठमाबाई म्हणाली.

"उद्यापास्नं खुरपायला चल."

ती गेली. बहुतेकींचे कागद असेच निघाले, म्हणून वस्तीचं नाव गोळ्यांच्या यादीतून गेलं.

बारामतीला डॉक्टर श्रेयाने ते आकडे पाहिले. मी टेबलाखाली होतो.

"सिस्टर, अंगातली सूज मोजली होती का?"

"ताप कुणालाच नव्हता, मॅडम."

"ऐन थंडीत, चाळीसजणींत एकीलाही नाही? जखम, खोकला, काही नाही?"

संजीवनीने फक्त ताप विचारला होता. मग श्रेयाने सांगितलं. अंगात दुखणं असलं की आतून सूज येते, ती रक्तात कळते, आणि तिच्यामुळे साठ्याचा हा आकडा फुगतो, लोह वाढलेलं नसलं तरी. म्हणून सुजेची तपासणी शेजारी लागतेच. उरलेलं रक्त गोठवून ठेवलं होतं, त्यात ती केली. बहुतेकींच्या अंगात सूज निघाली. आकडे त्या मानाने दुरुस्त केले, तर निम्म्याहून जास्त बायकांत लोह कमी. वस्ती यादीत परत आली.

"मग ठमाबाईंचा कागदही बदलू?"

"वस्तीचा आकडा असा सुधारता येतो, सिस्टर. एकट्या बाईचा नाही. त्या बऱ्या झाल्या की पुन्हा रक्त घ्या."

ठमाबाईचा पाय बरा झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो.

"मावशी, त्या दिवशी ताप होता ना?"

"व्हता की."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू परत लावलं असतंस. तुजी वाट बघत बसायला मी काय मोकळी हाय?"

संजीवनी खाली बघून म्हणाली, "लावलं असतं. चुकलं माझं."

"आता परत कशाला? एकदा झालंय की," रामहरी आतून ओरडला.

ठमाबाईने पदर मागे सारला, हात पुढे केला. "काढ गं. आन् तुमी बी या भायेर. तुमच्यासमोर काढू दे."

या वेळचा कागद आला. साठा जवळजवळ रिकामा. रामहरीने तो दोनदा वाचला. खुरपं घेतलं आणि एकटाच रानात गेला. ठमाबाई भर दुपारी ओट्यावर आडवी झाली. तिला कुणी उठवलं नाही.

माझी बिजागरी आता तुटली आहे, झाकण नाडीने बांधतात. बर्फही टिकत नाही. थकलो. भंगारात टाकलंत तरी तक्रार नाही. माझ्या जागी नवा येईल, त्याला घेऊन वस्त्यांवर जा. बाईला दुखणं विचारा, सूज मोजा. आणि ती ताप आहे म्हणाली, तर तिला परत लावू नका. लिहून घ्या.