सरांची ओळ काढायची कशी?

जुनी म्हणा, त्याला माझी ना नाही. मोडकी म्हणाल तर मात्र ऐकून घेणार नाही. मित्रांनो, मी एक फाईल आहे. कचेरीच्या कपाटात दोरीने बांधून ठेवलेली नव्हे. मी संगणकात राहते. भंडाऱ्याच्या कॉलेजात गणित शिकलेल्या कितीतरी पोरापोरींनी पडद्यावर जी सूत्रं, जे तक्ते झळकवले, ते माझ्या पोटातून निघाले आहेत. तेव्हा जरा नीट बसून ऐका.

माझं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढे नुसत्या माना डोलवाल. माझ्यात मजकूर लिहितात आणि सोबत हुकूमही लिहितात. हे सूत्र मधोमध ठेव, हा मथळा मोठा कर, असे. मग लेटेक नावाचा प्रोग्राम मला वरपासून खालपर्यंत वाचतो आणि छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्यासारखं पान लावून देतो. माझ्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, की पान पुस्तकाचं हवं की पडद्यावरच्या स्लाइडचं. स्लाइड हव्या असतील तर तिथे बीमर असं लिहितात.

पण एकट्या लेटेकने सगळं भागत नाही. कोणाला रंग हवे, कोणाला याद्या सुबक हव्या, कोणाला देवनागरी अक्षरं हवी. त्यासाठी मदतनीस बोलावतात. त्यांना पॅकेज म्हणतात. माझ्या कपाळाशी एक ओळ लिहिली, की एक पॅकेज कामाला हजर. प्रत्येक जण आपल्या कामात हुशार. पण हुशार माणसं एका जागी आणली म्हणजे काम नीट होतं, असं तुम्हाला वाटत असेल तर लग्नघरी दोन आचारी आणून पाहा.

मला जन्म दिला त्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या मधुकरराव सरांनी. गोंदिया वेगळं होऊन जिल्हा लहान झाला, त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत. पोरांना गणिताची पुस्तकं वाचून कळत नव्हती, म्हणून सरांनी स्वतः एक पुस्तिका लिहायला घेतली. त्या पुस्तिकेसाठी मी घडले. सर फार टापटिपीचे. यादीतल्या आकड्यांमध्ये जागा किती सुटली हेसुद्धा डोळ्यांत तेल घालून बघायचे. त्यासाठी त्यांनी एक याद्यांचं पॅकेज बोलावलं आणि त्याखाली त्याला सूचना देणारी आणखी एक ओळ लिहिली. पुस्तिका छापून आली तेव्हा सगळ्यांनी सरांचं कौतुक केलं. माझं नाव कोणी घेतलं नाही. नाही घेतलं तर नाही घेतलं. पान कसं उठून दिसत होतं, ते मला ठाऊक आहे.

पुढे कॉलेजात प्रोजेक्टर आला. सरांनी माझी पहिली ओळ बदलली, बीमर लिहिलं, आणि मी पुस्तिकेची स्लाइड झाले. मग मी पेनड्राइव्हवरून फिरू लागले. अड्याळच्या धर्मेंद्रने मला नेलं आणि देवनागरी अक्षरांची ओळ घातली. राखी नावाच्या पोरीने चित्रांची ओळ घातली. पोरं गुणी होती, संस्कारी होती. इतकी संस्कारी, की आधीच्या माणसाची ओळ कोणीच काढायचं नाही. वडीलधाऱ्याच्या ताटाला हात लावू नये, तसं. काही कुरकुर झाली की वरवर ठिगळ लावून वेळ मारून न्यायचे आणि आपली ओळ सगळ्यांच्या खाली लिहायचे. सरांच्या दोन ओळी तर सगळ्यांच्या वर, देवासारख्या. त्या काय काम करतात हे विचारायचीही कोणाची छाती नव्हती.

मग मधली काही वर्षं मला कोणी विचारलं नाही. तयार नमुन्यांचे रंगीबेरंगी सॉफ्टवेअर आले. फुलं काय, उडणारी अक्षरं काय! त्यात सूत्र लिहायला गेलं की रडू यायचं, पण फुलं होती ना. मी कॉलेजातल्या एका पेनड्राइव्हमध्ये पडून राहिले. तो पेनड्राइव्ह ज्या डब्यात होता, त्यात सोबतीला तुटकी किल्ली आणि वाळलेला पेन होता. माझी पायरी कोणती हे मला त्या दिवसांत कळलं.

तिथून मला बाहेर काढलं रुचिताने. आसगावची पोरगी. बाप तेजराम, आई तुळसा, तलावाखाली धानाची एक बांधी. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. रुचिता एमएस्सीला होती आणि तिने प्रकल्प घेतला होता आपल्याच गावच्या तलावाचा. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. पाऊस कमी झाला तर कोणाची बांधी आधी सुकेल, आणि पाणी सोडायची पाळी कशी लावली तर एकही सुकणार नाही, याचं गणित तिने मांडलं होतं. तुळसाबाईंची बांधी सगळ्यात खाली. त्यामुळे घरात या प्रकल्पाकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

तोंडी परीक्षा सोमवारी होती. नागपूरहून बाहेरचे परीक्षक येणार होते. शनिवारी पाचच्या आत स्लाइड कॉलेजात पाठवायच्या, ज्याच्या आल्या नाहीत तो गैरहजर, असं कॉलेजने बजावून ठेवलं होतं. गैरहजर म्हणजे वर्ष गेलं.

आणि शनिवारी दुपारी मी अडून बसले.

झालं असं, की रुचिताला तक्त्यात सुकणाऱ्या बांधीची ओळ लाल रंगाने भरायची होती. तिने इंटरनेटवरून रंगांचं पॅकेज बोलावणारी ओळ उचलली आणि माझ्या कपाळाशी चिकटवली. लगेच पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल अक्षरांत भांडण सुरू. शिवाय तिच्या सिद्धतेच्या पायऱ्यांचे आकडेच स्लाइडवरून गायब. 'पायरी तीनवरून' असं लिहिलेलं, आणि तीन कुठेच नाही! घाबरून तिने आणखी एक पॅकेज आणलं. मग ती दोघं भांडली. ते मिटवायला तिसरं आणलं. मी ओरडून सांगत होते, स्क्रीनभर ओरडत होते, पण घाबरलेलं माणूस वाचत नाही.

तिने धर्मेंद्रला फोन लावला. तो आता नागपूरला नोकरीत होता.

"फेक ना ते जुनं," तो म्हणाला. "तयार नमुन्यात कर. तासाभरात होते."

"दादा, सूत्रं पानभर आहेत. सगळी पुन्हा लिहू काय?"

"मंग सरांच्या वरच्या ओळी काढून पाहा."

"तू काढल्या होत्या?"

"मी कायले काढू? सरांच्या आहेत ना त्या. मी तं जिथं आकडे गायब झाले, तिथं हातानं लिहून टाकले होते."

बघा. मला फेकायला तयार, पण सरांच्या ओळीला हात लावायला नाही! मित्रांनो, असा मान कोणाच्या कामाचा?

रुचिता लॅपटॉपसमोर डोळे पुसत बसली. तुळसाबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या.

"काहून रडून राहिली वं?"

"माय, सरांची ओळ आडवी येऊन राहिली वाटते. पण ते परवा परीक्षेत तिथंच बसणार आहेत. त्यांची ओळ काढली म्हणतील तं?"

"मंग विचार त्याइले."

"असं कसं विचारू? तुमचं लिहिलेलं पुसू काय म्हणून?"

"तोंडानं विचार. सर वाघ आहे काय? आपल्या बांधीचं पाणी वरच्यानं अडवलं तं मी जातो का नाही विचारायले? आता तू बांधावर बसून रडून राहिली."

तुळसाबाईंना माझ्यातलं अक्षर कळत नाही, पण ही बाई मला आवडली.

रुचिताने फोन लावला. तो उचलला सरांच्या पत्नी उषाबाईंनी.

"सर जेवून राहिले. काय काम होतं?"

"बाई, सरांची... सरांची एक जुनी गोष्ट काढायची होती."

"काढ, काढ! मी तं रोजच त्यांचं जुनं सामान काढून राहिली. संपतच नाही. थांब, देतो त्याइले."

सर आले. रुचिताने एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "सर, राग नका मानू, तुमच्या याद्यांच्या दोन ओळी काढू काय?"

सर इतके हसले की तुळसाबाईंनीही तांदळातून मान वर केली.

"अवं, त्या ओळी पुस्तिकेसाठी होत्या! बीमर आपल्या याद्या आपणच लावते. त्यात ते दुसरं पॅकेज घातलं तं आकडे जाणारच. माझ्याजवळच्या फाईलमधून तं मी त्या कधीच्या काढून टाकल्या. तुम्ही पोट्टे अजून ठेवून राहिले?"

"तुमच्या आहेत म्हणून, सर."

"माझ्या आहेत म्हणून चूक ठेवाल काय?" सरांचा आवाज मऊ झाला. "मले कोणी विचारलंच नाही गं. आणि एक कर. लाल अक्षरांत सगळ्यात वर काय आहे ते वाच. शेवटचं भांडण नको वाचू. पहिलं वाच, खालची बरीचशी त्याच्यातूनच निघते."

फोन ठेवून रुचिता कामाला लागली. रंगांची ओळ ठेवून इंटरनेटवरून घाईत आणलेली बाकीची पॅकेजं तिने आधी घालवली. मग सरांची याद्यांची ओळ काढली. मी पुन्हा ओरडले. या वेळी तिने वाचलं. पॅकेज गेलं होतं, पण त्याला सूचना देणारी सरांची दुसरी ओळ तशीच होती. माणूस घरी नाही आणि याचा आपला हुकूम सोडणं चालूच! तिने तीही काढली. पायऱ्यांचे आकडे परत आले. तीन आपल्या जागी बसला.

उरला रंग. तिने चुकांच्या यादीतली सगळ्यात वरची ओळ वाचली. लिहिलं होतं, ऑप्शन क्लॅश. म्हणजे एकाच पॅकेजला दोघांनी दोन वेगळ्या अटींवर बोलावलं आहे. ती दुसऱ्यांदा वाचायला लागली, आणि तिचा चेहरा उजळला. बीमर येतानाच रंगांचं पॅकेज सोबत घेऊन येतं. ते घरात आधीपासून होतं! ही त्यालाच नव्या अटी घालून पुन्हा बोलावत होती. मग भांडण होणार नाही तर काय? तिने आपली खालची ओळ पुसली. तक्त्यासाठी रंग लागणार आहे, एवढं पहिल्याच ओळीत, बीमरच्या शेजारी चौकोनी कंसात लिहिलं. आणायचं ते सामान दाराशीच सांगितलं.

मी चालले... चालले कसलं, धावले! तक्ता आला, लाल ओळ भरली. तुळसाबाई जवळ येऊन वाकल्या.

"हे लाल काय आहे?"

"आपली बांधी, माय. जुन्या पाळीनं गेलं तं अशी सुकते."

"आणि तुया पाळीनं?"

रुचिताने पुढची स्लाइड दाखवली. तीच ओळ हिरवी.

"मंग पाठव ना लवकर, बसली काय?" असं म्हणून त्या तांदूळ घेऊन आत गेल्या. पदराने डोळे पुसलेले मी पाहिले, पण ते मी सांगितलं म्हणून कोणाला सांगू नका.

स्लाइड वेळेत पोचल्या. सोमवारी परीक्षकांनी त्या तक्त्यावर बरंच काही विचारलं. रुचिता पायरी तीनवर बोट ठेवून उत्तर देत राहिली. तिचं वर्ष वाचलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे तिला हात न लावता देव्हाऱ्यात ठेवायचं, असं काही लोकांना वाटतं. मला देव्हारा नको. मला वर्षातून एकदा तरी उघडा. कोण मदतनीस कशासाठी आला होता, ते विचारा. काम संपलं असेल त्याला निरोप द्या. नव्याला बोलावण्याआधी घरात कोण आहे ते बघा. आणि ज्याने ओळ लिहिली तो माणूस हयात असेल तर त्याला फोन करा. त्याला बरं वाटतं.

रुचिताने परीक्षेनंतर माझ्यातल्या प्रत्येक ओळीशेजारी टक्क्याचं चिन्ह घालून टीप लिहिली. टक्क्याच्या पुढचं लेटेक वाचत नाही, माणसं वाचतात. ही ओळ कोणी घातली आणि कशाला, एवढंच. मग पुढच्या वर्गातला प्रितम मला मागायला आला.

"ताई, मले तक्ताच नाही. तुमचं रंगाचं मी काढलं तं चालन काय? राग नाही ना येणार?"

रुचिताने त्या ओळीशेजारची आपली टीप एकदा वाचली. आपली वस्तू पुसली जाणार म्हटलं की कोणालाही जरा लागतंच.

"लागत नसन तं बेधडक काढजो," ती म्हणाली.

त्याने तिथेच काढलं. मला काही दुखलं नाही. पहिल्याच फटक्यात पान लागलं.