पापडाच्या डब्यातली मॉरिस

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यांनी बॉनेटवरची चिकटपट्टी काढली आणि तिच्याबरोबर नखाएवढा रंगही निघून आला.

मी घटापुढे माळ ओढत बसले होते. मागच्या पडवीतून चिमटा फरशीवर पडल्याचा आवाज आला. यांच्या हातून कधी काही पडत नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे ट्रेस करायचं काम, हात असा की काडेपेटीवर धरण काढतील. मी मेरुमणी पुरा केला, माळ गोमुखीत ठेवली आणि मागे गेले.

पाटावर वीतभर मोटार उभी होती, सायीच्या रंगाची. नाकाडावर मात्र राखाडी प्लास्टिक उघडं पडलेलं.

"घासून पुन्हा रंग द्यावा लागेल," हे म्हणाले.

"उद्यापर्यंत सुकेल?"

"नाही."

"मग?"

"मग काय! उद्या जायचं तर आहेच."

जायचं होतं धुळ्याला, भाऊंकडे. भाऊ म्हणजे माझे जेठ, यांचे थोरले भाऊ बन्सीलाल. आग्रा रोडजवळ त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आणि मागे घर.

आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक मॉरिस मायनर होती. आबा गेल्यावर ती जळगावला आमच्याच अंगणात कडुलिंबाखाली उभी राहिली. चाकं जमिनीत रुतली, कोंबड्या आत अंडी घालू लागल्या. भाऊ धुळ्याहून यायचे, फडक्याने काच पुसायचे, दार उघडून घटकाभर आत बसायचे आणि परत जायचे. एकदा मागच्या सीटखालून नाग निघाला, आमची धाकटी तेव्हा रांगत होती. भाऊ त्या वेळी चारधामला गेलेले. यांनी वाट पाहिली नाही, गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. भाऊ गंगाजल घेऊन आले, अंगणातली रिकामी जागा पाहिली, गडू माझ्या हातात दिला आणि उंबऱ्यावरूनच फिरले. तेव्हापासून सख्ख्या भावाशी एक शब्द नाही. लग्नकार्यात पंगतीला हे बसले की ते उठायचे.

आता भाऊ दुकान बंद करून दिवाळीनंतर मुलाकडे सुरतला जाणार होते, कायमचे. जाऊबाई सुनंदाक्कांनी निरोप धाडला होता, "दसराले या. तुमना भाऊ बोलतीन का नही ते मी नही सांगत. पण पुढला दसराले आठे कुलूप राही."

यांना प्लास्टिकच्या गाड्या जोडायचा छंद जुनाच. माझा भाऊ सुकदेव मस्कतला असतो, तो येताना एखादा खोका आणायचा. या खेपेला त्याने आणलेल्या खोक्याच्या झाकणावर मॉरिसचं चित्र होतं. हे किती तरी वेळ त्या चित्राकडेच बघत राहिले. मग दोन महिने कचेरीतून आले की पडवीत. सुटे भाग सांगाड्याला चिकटलेले असतात, ते आधी रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. एकेक भाग ब्लेडने कापायचा, कडा घासायची. उरलेली सांगाड्याची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की केसासारखी तार निघते, तिचे वायपर केले. बंपरला चांदी हवी होती, तर मिठाईवाल्याकडून वर्ख आणला आणि ओल्या वार्निशवर फुंकरीने बसवला. थिनरची बाटली आणि घटाचा दिवा एका छपराखाली नको, एवढीच माझी अट होती. ती त्यांनी पाळली.

चिकटपट्टीने रंग उचलला त्या संध्याकाळी त्यांनी बॉनेट घासून पुन्हा रंगवलं. धूळ बसू नये म्हणून मी पुरणाचं पातेलं वरून उपडं घातलं, खाली काड्या ठेवून वाऱ्याला फट ठेवली. सकाळी त्यांनी गाडीच्या पोटाला बोट लावलं, ते कोरडं होतं. बॉनेटला लावायची हिंमत त्यांना झाली नाही.

पापडाच्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात तळाला पुठ्ठा, पुठ्ठ्याला तारेने चाकं बांधलेली. झाकण लावलं. मी घट हलवले, देवीला दहीभात दाखवला आणि धुळ्याची बस धरली. नवरात्रात मी अनवाणीच असते. त्या वर्षी मनात म्हटलं होतं, भाऊंच्या हातात सोनं पडेपर्यंत चप्पल घालायची नाही.

बसला झेंडूची तोरणं, आत पाय ठेवायला जागा नाही. हे डबा छातीशी धरून उभे. एरंडोलला एक म्हातारबा चढले, यांच्या डब्याला खेटून उभे राहिले आणि नाक उडवत म्हणाले, "काय शे हो डब्बामा? वास येऱ्हायना."

"पापड शेतस, बाबा."

"दसराले पापड? लोके पुरणपोया खातस!" आणि बस हसली. "द्या मनाकडे, घडीभर मी धरस."

"नको, नको!" हे असे ओरडले की कंडक्टरने वळून पाहिलं. म्हातारबा म्हणाले, "पापडच शेतस ना? का बॉम शे?"

वासाचं ऐकून यांचा चेहरा उतरला. पारोळा सोडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चूक झाली. झाकण लावायला नको होतं. बंद डब्यात थिनर कोंडलं की रंग सुकत नाही, उलट घाम धरतो."

"आता उघडा."

"आता? या धुळीत?"

मी मनात देवीचं नाव घेत राहिले. दुसरं माझ्या हातात काय होतं?

धुळ्याला भाऊंच्या दारात आंब्याच्या पानांचं तोरण होतं. ओट्यासमोर स्कूटर, तिला हार घातलेला. ओट्यावर पाट मांडून त्यावर भाऊंची हत्यारं पूजली होती, बारीक पेचकस, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूची एकेक पाकळी. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याला कोणी उचलत नाही. भाऊ पाटाशेजारी खुर्चीवर होते. आम्हाला पाहिलं आणि मान रस्त्याकडे वळवली.

मी पदर पुढे ओढला. जेठांसमोर आमच्यात सुनेने आवाज काढायचा नसतो.

यांनी चप्पल काढली. खिशातली आपट्याची पानं काढली नाहीत. डबा ओट्यावर ठेवून झाकण उघडलं, पुठ्ठ्यासकट गाडी उचलून भाऊंच्या पायांशी ठेवली. बॉनेट ओलं असल्यासारखं चमकत होतं.

भाऊंनी खाली पाहिलं. बघतच राहिले.  मग पुन्हा नजर रस्त्यावर.

हे तसेच उकिडवे बसून होते. मला वाटलं, आता हे उठतील, आणि उठले तर पुन्हा या ओट्यावर पाय ठेवणार नाहीत.

तेवढ्यात सुनंदाक्का आतून तबक घेऊन आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर नुसती धावपळ. काही तरी करायला हवं म्हणून करणाऱ्या बाईची धावपळ. स्कूटरच्या पूजेचंच ते तबक.

"आगं बाई, आबानी गाडी!" त्या म्हणाल्या. "दारशी वाहन ऊनं, पूजा कराले नको?"

त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, हळदीत बुडवलं.

"अक्का..." मी म्हणाले. पण माझा आवाज पदराच्या आतच राहिला.

हळदीचं बोट बॉनेटवर टेकलं, त्यावर कुंकवाचं. आणि वरून चिमूटभर अक्षता. दाणे घरंगळले नाहीत. जिथे पडले तिथेच रुतले.

यांच्या तोंडून हुंकारासारखं काही तरी निघालं. अक्कांनी यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि तबक खाली ठेवलं. "काय व्हयनं? ओली शे का? आरे देवा, मी काय करी टाकं!"

"काही नाही, वहिनी," हे म्हणाले. त्यांनी अंगठ्याचं नख पहिल्या दाण्याकडे नेलं. 

"हात नको लाऊ!"

 भाऊ खुर्चीतून उठले होते.

"नख लावशी तं बठ्ठा रंग निंघी जाई. अक्कल शे का नही? सरक. उजेड अडी ऱ्हायना तू."

हे सरकले. भाऊ पाटापुढे खाली बसले. पूजलेल्या हत्यारांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, हात जोडले आणि सगळ्यात बारीक चिमटा उचलला. त्यावरची पाकळी खाली पडली. भिंग उचललं, त्याचं कुंकू धोतराला पुसलं आणि डोळ्याला लावलं. अक्कांनी माझा हात धरला. त्यांची पकड मला दुखत होती.

भाऊंनी श्वास रोखला. चिमट्याचं टोक दाण्याच्या कुशीला लावलं, वर ओढला नाही, आडवा कलंडवला. दाणा सुटला. खाली खळगा राहिला, पण रंग तुटला नाही. मग दुसरा. शेवटचा दाणा वर्खाच्या पट्टीला लागून होता. तिथे चिमटा दोनदा जवळ गेला आणि दोनदा मागे आला. यांच्या कपाळावरून घाम वाहत होता, पण पुसायला हात वर उचलत नव्हते. तिसऱ्यांदा दाणा सुटला. वर्ख जागेवर राहिला.

"हळद?" यांनी हळूच विचारलं.

"हळद आते नही निघाव." भाऊंनी गाडी पुठ्ठ्यासकट डोळ्यापाशी नेली. छत पाहिलं, चाकं पाहिली, काचेतून आतल्या तांबड्या सीटकडे पाहिलं. "रंग फिका शे. आबानी गाडी पिवळी व्हती जराशी."

"ती उन्हामा पिवळी पडनी, भाऊ. नवी व्हती तवय आशीच व्हती."

"तुले काय म्हाईत? तू तवय पाळनामा व्हता."

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. भाऊंनी गाडी हत्यारांच्या पाटावर, झेंडूच्या मध्ये ठेवली. चिमटा पुन्हा तिच्याशेजारी ठेवला, पाकळी उचलून त्याच्यावर ठेवली. भिंग मात्र डोळ्यालाच राहिलं होतं. तसेच ते यांच्याकडे वळले, एक डोळा मोठा, एक लहान, आणि तळहात पुढे केला.

"आते सोनं दे मंग. का ते बी भंगारवालाले दी टाकं?"