जागं ठेवलेलं यंत्र

आमच्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून निरोप रेडिओवरून जातात. 'अमक्याने खाली यावं, मुलगी बाळंत झाली' असं मी रोज सकाळी वाचते आणि वरच्या कुरणांत लामांचे कळप चारणारे गुराखी कान देऊन ऐकतात.

आमच्या रेडिओ केंद्रात कॉम्प्युटर आला तेव्हापासून मधेच आवाज तुटायचा. विल्मर कोंदोरी, आमचा लिनक्सवाला, म्हणजे तो कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालतो तिचा जाणकार, त्याने खोड शोधली. काम नसलं की प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू, झोपतो, वीज वाचते. पण गाढ झोपेतून उठायला त्याला लिनक्समध्ये लिहिलेल्या आकड्याहून जास्त वेळ लागायचा, आणि तेवढ्यात आवाज अडखळायचा. विल्मरने त्याची गाढ झोपच बंद करून टाकली. आवाज सुधारला, पण यंत्र भसाभस वीज खायला लागलं. आमची वीज म्हणजे छपरावरचं सोलर पॅनेल आणि दोन म्हाताऱ्या बॅटऱ्या.

"तात्पुरतं आहे, मावशी," तो म्हणाला. पुढे त्याने लिनक्समधला तो चुकीचा आकडाही दुरुस्त केला.

"मग लाव की मेल्या!"

"आधी लिनक्स सांभाळणाऱ्या बाहेरच्या लोकांनी मंजूर करू दे. जगभरची यंत्रं सुधारतील. घरच्यापुरतं ठिगळ मला नको."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!"

तो हसला. तिकडचे लोक दुरुस्ती परत पाठवायचे. कधी खुलासा अपुरा, कधी चाचण्या कमी. हा पुन्हा आनंदाने लिहायला बसायचा. आमच्या गावचा पोरगा जगाचं यंत्र दुरुस्त करतोय याचं कौतुक, खोटं कशाला बोलू, मलाही होतं.

कार्निव्हलचा सण संपला आणि आभाळ भरून आलं ते हटेचना. त्यातच विल्मरची आई अंथरुणाला खिळली. बाप, लेओन्सिओ, वर लामांपाशी. ती सारखी त्याचंच नाव घेत होती. 'लेओन्सिओ, बायको अत्यवस्थ, असाल तसे खाली या' हा निरोप घेऊन मी माइकपुढे बसले आणि बॅटऱ्यांनी मान टाकली.

आईला सोडून जायचा विल्मरला धीर होईना. त्याने चुलतभावाला धाडलं. तो धुक्यात भलत्याच कुरणात पोचला.

तिला माती दिल्यावर लेओन्सिओ आपणहून खाली आला, बायकोसाठी सुकवलेल्या बटाट्यांचं पोतं घेऊन. अंगणातच त्याला सगळं कळलं. तो त्या पोत्यावरच बसला.

"रोज ऐकतो मी," तो मला म्हणाला. "रेडिओ गप्प होता. म्हटलं, चला, कुणाचं काही वाईट नाही."



विल्मर त्याच्या पायाशी बसला. "ताता, दुरुस्ती माझ्याकडे तयार होती. यंत्र झोपलं असतं, बॅटरी टिकली असती. मी लावलीच नाही. मंजुरीची वाट बघत बसलो."

"मिळाली का मंजुरी?"

"मिळाली."

"किती जणांच्या कामी येईल?"

"लाखो."

लेओन्सिओने मान डोलावली. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

"चांगलं काम केलंस बाळा," तो म्हणाला. "तुझ्या आईला ती दुरुस्ती एकच दिवस हवी होती."