बाळ्यातील पिवळी घार

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे, पक्षी एक. बाळ्यातील आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर घार बसली होती. दुभंगलेल्या शेपटीमुळे ओळखीबद्दल शंका नव्हती. मात्र तिची पाठ आणि पंख पिवळेधमक होते.

आमच्या पक्षिनिरीक्षक मंडळात वर्षातील सर्वोत्तम नोंदीचा मान सलग तीन वर्षे गंगाधररावांना मिळाला आहे. यंदा तो माझाच, या खात्रीने मी त्यांना छायाचित्र पाठवले. ते अर्ध्या तासात गच्चीवर हजर झाले.

"अहो, खंडोबाची यात्रा चालू आहे. उधळलेल्या खोबऱ्यावर झडप घालताना भंडाऱ्यात सापडली असेल," ते म्हणाले.

"तुम्हाला मान सोडवत नाही, एवढंच."

"मग धुऊन बघा की."

पॉलिटेक्निकात शिकल्यापासून मी चाचणीला नकार दिलेला नाही. पत्नी यशोदाची कणकेची मोठी परात पाण्याने भरून मी टाकीजवळ ठेवली आणि आम्ही जिन्याच्या दाराआड बसलो.

"घारीचं न्हाणं झालं की सांगा, मग पोळ्यांचं बघते," यशोदा मागून म्हणाली.

घार उतरली, मनसोक्त न्हाली आणि तपकिरी होऊन उडून गेली. परातीत पिवळे पाणी उरले.

गंगाधररावांनी त्यात बोट बुडवून स्वतःच्या कपाळाला लावले आणि तेच बोट माझ्यापुढे धरले. भंडाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मी कपाळ पुढे केले.

यंदाच्या नोंदीत पिवळ्या घारी: शून्य.