निळी नळी

सायलेन्सर बसवताना आधी सगळे बोल्ट नुसते अडकवायचे, ढिले ठेवायचे, आणि सगळं जागेवर आलं की मगच आवळायचं. नवऱ्याचं, रोझेरचं हे पालुपद गिस्लेनला लग्नाआधीपासून पाठ होतं. एखादा बोल्ट घाईने आवळला की बाकीचे तिरके बसतात आणि मधली रबरं महिन्याभरात फाटतात. जेवणाच्या टेबलाचे पाय बसवतानाही हा माणूस तेच ऐकवायचा. वैताग नुसता!

आज मात्र गॅरेजमध्ये ती कान देऊन ऐकत होती. उद्या रविवार, गावच्या चर्चसमोर मोटरसायकलींना आशीर्वाद द्यायचा दिवस. पाद्री पवित्र पाणी शिंपडणार, मग सगळ्या गाड्या नदीकाठच्या रस्त्याने फेरी मारणार. रोझेर दरवर्षी पहिल्या रांगेत असे, आणि गाडी तीच, लग्नाच्या वर्षी घेतलेली.

पण या हिवाळ्यात त्याने मीठ फ्रीजमध्ये ठेवलं होतं. शेजाऱ्याला स्वतःच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली होती. मुलीला फोनवर गिस्लेनने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. मनाशी मात्र ठरवलं होतं, गाडीचं काम त्याने नीट केलं तर जाऊ द्यायचं. नाहीतर किल्ली आपल्या एप्रनच्या खिशात, मग कितीही आदळआपट करू दे.

आणि काम कसं केलं म्हणता! जुनी तडकलेली रबरं काढली, नवी बसवली, बोल्ट अडकवले. मागे जाऊन एक डोळा मिटून सायलेन्सर सरळ आहे का ते पाहिलं. मग इंजिनाच्या बाजूने एकेक आवळत मागे आला. एकही बोल्ट विसरला नाही. गिस्लेनचा जीव भांड्यात पडला. उगाच धसका घेतला होता बाई मी, असं ती स्वतःशीच म्हणाली.

"पेट्रोलची नळीपण सकाळीच बदलली," तो म्हणाला. "सूप झालं का बघतो. तुझं वाटाण्याचं सूप म्हणजे बुडाला लागल्याशिवाय तुला कळत नाही."

"हात धुऊन झाकणाला हात लाव!" ती ओरडली, आणि हसत हसत टाकी पुसायला वाकली.

टाकीखाली नळी होती, निळी.

तिने बोटाने चाचपून पाहिली. ही मेपलच्या रसाची नळी. त्यांच्या मागच्या रानात झाडाझाडांतून रस आटवायच्या रसघरापर्यंत असल्या नळ्यांचं जाळं होतं, आणि अख्खा एप्रिल रोझेर त्याच जोडत हिंडला होता. नदीच्या त्या खोऱ्यात घरोघरी हिचं भेंडोळं पडलेलं असतं. फाटक बांधायला ही, कोंबड्यांच्या पाण्याला ही. पण पेट्रोलला? पेट्रोलने ती कडक होते, निसटते, आणि तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला की भडका. तिच्या भावाने, फर्नांदने, एकदा हा उद्योग करून गाडीची सीट जाळली होती. तेव्हापासून रोझेर त्याला 'रसवाला' म्हणून चिडवायचा, अगदी नाताळच्या जेवणातसुद्धा.

दुकानातून आणलेली काळी नळी बाकावर तशीच पाकिटात होती.

तिने टाकीचा कॉक बंद केला, पक्कड घेतली आणि निळी नळी ओढून काढली. पेट्रोल मनगटावर ओघळलं. तेवढ्यात रोझेर दारात.

"काय करतेस गं?" जवळ येऊन त्याने पाहिलं, आणि तोंड सुटलं. त्या खोऱ्यात शिव्यासुद्धा चर्चमधल्याच. वेदीवरचा प्याला, प्रसादाची डबी, सगळं त्याने एका दमात काढलं. "कुठल्या गाढवाने लावली ही?"

"मी," गिस्लेन म्हणाली. "जुनी गळत होती. म्हटलं तात्पुरती लावू."

"तू? अगं, शेवटी भावाच्याच वळणावर गेलीस की! रसवाली!" तो पोट धरून हसला. तीही हसली.

त्याने नळी हातात घेतली. टोकाला तार गुंडाळलेली होती. दोनदा पीळ आणि टोक आत वळवलेलं, पँट अडकू नये म्हणून. त्याचं हसू थांबलं. तो तारेवरून बोट फिरवत राहिला.

"गिस्लेन, तुला तार अशी वळवता येत नाही."

"येते."

"नाही येत, म्हातारे. जन्मभर शिकवलं, नाही आली."

मग मात्र तिला रडू आवरेना. "मला भीती वाटते रे, रोझेर."

"मलापण," तो म्हणाला. "मला तर आठवतसुद्धा नाही गं ही कधी लावली."

दोघं जुन्या टायरांवर बसली. सूप बुडाला लागल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. मग त्याने काळी नळी पाकिटातून काढून तिच्या हातात दिली. "तू लाव. मी सांगतो." तिने मापाने कापली, दोन्ही टोकं बसवली, क्लिपा आवळल्या. कॉक उघडून दोघांनी बराच वेळ वाकून पाहिलं. एक थेंब गळला नाही.

त्याने खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या एप्रनच्या खिशात टाकली.

"लायसन आहे ना अजून? उद्या तू चालव. मी मागे बसतो."

"फर्नांद हसून हसून मरेल."

"मरू दे रसवाल्याला."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं, तेव्हा पहिल्या रांगेत हँडल धरून गिस्लेन बसली होती. फर्नांद हसायलाच आला होता, पण बहिणीचा चेहरा बघून त्याने नुसता हात हलवला. गाड्या सुरू झाल्या. रोझेरचे हात तिच्या कमरेवर नुसते टेकले होते.

"घट्ट धर की!" ती ओरडली.

"आधी ढिलं," तो तिच्या कानाशी म्हणाला. "जागेवर बसू दे, मग आवळतो."

नदीचं पहिलं वळण आलं. तिने गाडी झोकात कलती घातली आणि सरळ केली. तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तिला घट्ट आवळून धरलं आणि कपाळ तिच्या पाठीला टेकलं.